सुवासिक पिंजरे

नाकमुरडे हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. ते त्यांना प्रयोगशाळेने बहाल केलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवा कारकून हे कोण बुवा म्हणून शेजाऱ्याला विचारायचा. सकाळी जिना चढताना साहेबांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. तळमजल्यावर हिशेबनीस बसत, त्यांच्या दारावरून जाताना नाक एकदा डावीकडे. पहिल्या मजल्यावर पांढरे उंदीर पाळणारी मंडळी, तिथे नाक चांगलं वरपर्यंत. दुसऱ्या मजल्यावर स्वतःची खोली. तिथे मात्र नाक सरळ व्हायचं, कारण तिथे मान देण्यालायक एक माणूस बसायचा.

पांढऱ्या उंदरांचा त्यांना मनस्वी तिटकारा. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींची लग्नं लावून तयार केलेली ही प्रजा, असं ते म्हणत. जन्मात अंगावर पिसू चढलेली नाही, पोटात जंत नाही, थंडी ठाऊक नाही, भूक ठाऊक नाही. अशा लाडोबांना विषाणू टोचायचा, त्यांची प्रतिकारशक्ती कशी वागते ते टिपून घ्यायचं आणि जगाला सांगायचं की बघा, शरीर असं चालतं. हे म्हणजे राजवाड्यातल्या पोराला विचारून बाजारभाव ठरवणं झालं, असं ते एकदा भर बैठकीत बोलले, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी त्यानंतर त्यांच्याबरोबर चहा घेणं सोडलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांच्या मते त्या बाईंना चहातलंही फारसं कळत नव्हतं.

स्वतः नाकमुरडे रानउंदरांचे. आणि खरं ते सांगायला हवं, तरुणपणी त्यांनी या कामात हाडाची काडं केली होती. ओल्या बांधावर पालथं पडून बिळं पाहिली होती, बोटांवर उंदरांचे चावे सोसले होते, कानात बारीक बिल्ला अडकवलेला उंदीर पुन्हा पिंजऱ्यात सापडला की जुना मित्र भेटल्यासारखे खूश झाले होते. त्यांनी धरलेला विषाणू असा होता की उंदराच्या अंगात एकदा शिरला की मरेपर्यंत निघत नाही. उंदराला ताप नाही की खोकला नाही. तो खातो, भांडतो, पोरं काढतो, आणि सगळा वेळ त्याच्या लघवीतून, थुंकीतून, लेंड्यांतून विषाणू बाहेर पडत राहतो. शरीराला या घुसखोराचा पत्ता लागत नाही असं नाही. लागतो. रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी तयार होतात, लढणाऱ्या पेशी धावून येतात. पण त्यांच्या पाठोपाठ त्यांना आवरणाऱ्या पेशीही येतात, आणि हाणामारी एका हद्दीपलीकडे जात नाही. गेली, तर विषाणू राहिला बाजूला, त्या हाणामारीनेच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची.

हे सांगताना नाकमुरडे रंगात येत. रानउंदीर चोराला पडवीत झोपू देतो, पण माजघरात पाऊल टाकू देत नाही, असं ते म्हणत. माणूस मात्र तोच चोर दारात दिसला की घराला आग लावून मोकळा होतो आणि मग रुग्णालयात पडून राहतो. या विषाणूने माणूस दगावतो तो बराचसा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हातून. एकंदरीत उंदीर शहाणा आणि माणूस अडाणी, हा त्यांचा सिद्धान्त. आणि अडाणी म्हणजे किती असं कुणी विचारलंच, तर नमुना म्हणून ते आपल्या धाकट्या भावाचं उदाहरण देत.

धाकटा धान्याच्या गोदामात कामाला होता. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. पोती आत किती आली, बाहेर किती गेली, कुठल्या थप्पीला ओल लागली, कुठली ताडपत्री फाटली, हे तो बघायचा. तसं बघितलं तर काम जबाबदारीचं, आणि तो ते नीट करायचा. पण लहानपणी दादाने त्याला गणित शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे कान पिळून "तुला काय कळतं" हे वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं. दुसरं पोर असतं तर चिडलं असतं, उलटं बोललं असतं, निदान रडलं तरी असतं. या बिचाऱ्याने ते अपमान म्हणून घेतलंच नाही, माहिती म्हणून घेतलं. मला काही कळत नाही आणि दादा कधी चुकत नाही, या दोन गोष्टी त्याने शाळेतल्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या, आणि पाढे विसरला तरी त्या विसरला नाही.

पुढे नोकरी घेऊ का, दादाला विचारलं. बायकोचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, दादाला विचारलं. खिडकीला जाळी लोखंडाची लावू की नायलॉनची, त्यालाही दादा. नाकमुरडे उत्तर देताना दरवेळी नाक मुरडत, आणि धाकटा ते मुरडलेलं नाक घेऊन घरी जाऊन बायकोला कौतुकाने सांगे की दादाला एका क्षणात कळलं. गोदामातल्या हमालांना तर दादाची इतकी वर्णनं ऐकवली होती त्याने की त्यांच्यातल्या कुणाचा दात दुखला तरी ते म्हणत, तुमच्या दादांना विचारा.

गोदामाच्या मागे कामगारांसाठी चार बिऱ्हाडांची चाळवजा इमारत होती. त्यातल्या टोकाच्या दोन खोल्यांत धाकटा आणि त्याची बायको बरीच वर्षं राहिली. पुढे छोटंसं अंगण, नळ दाराशी, काम दोन ढांगांवर. मग एका हंगामात पोती उचलणारा एक हमाल तापाने पडला. अंग दुखतंय म्हणता म्हणता त्याची लघवी बंद झाली आणि तो गेला. रक्त तपासलं तेव्हा निघाला तो नाकमुरड्यांचाच विषाणू. गोदामातल्या उंदरांच्या वाळलेल्या लेंड्यांची धूळ उडते, ती श्वासातून आत जाते. चारही बिऱ्हाडं रिकामी केली, कुलपं लागली, आणि गोदामात पिंजरे लावून उंदरांचं रक्त तपासायचं काम नाकमुरड्यांच्या विभागाकडे आलं.

धाकट्याने मोटार दुरुस्तीच्या कारखान्याच्या माळ्यावर एक खोली भाड्याने घेतली. खाली दिवसभर इंजिनं गुरगुरत, धूर जिन्यातून वर येई, पाणी खालून भरून आणावं लागे. बायकोला दम लागायचा. ती तक्रार करत नव्हती, नुसती मधल्या पायरीवर बसून राहायची, आणि ते धाकट्याला बघवत नव्हतं. तो महिन्यातून एकदा दादाकडे जायचा आणि न चुकता विचारायचा, "दादा, उंदीर बरे झाले का?"

नाकमुरड्यांच्या कपाळाला आठ्या पडत. उंदीर आजारी नाहीतच, ते सांगत. आजारी असते तर मेले असते आणि प्रश्न मिटला असता. ते धडधाकट आहेत आणि म्हणूनच विषाणू आहे, पण हे तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. धाकटा मान डोलवायचा. मग जाता जाता दारात थांबून म्हणायचा, "बरे झाले की सांग हं."

इतपत सगळं ठीक होतं. पुढे साहेबांना बढती मिळाली आणि घोटाळा झाला.

बढतीबरोबर मोठी खोली मिळाली. कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची, फिरत्या खुर्चीची. फक्त तिला लागून होती ती पिंजरे धुवायची मोरी. गोदामातून आलेले पत्र्याचे पिंजरे तिथे जंतुनाशकात बुडवत, मग साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळत, आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवत. उंदराला परका वास खपत नाही, म्हणून ही सगळी यातायात. हा नियम तरुणपणी नाकमुरड्यांनीच घालून दिला होता. पण ज्याने उंदीर मुठीत धरून आयुष्य काढलं त्याला आता उंदराच्या मुताचा वास सोसेना. त्यांनी पिंजरे लावणाऱ्या बाईंना बोलावून फर्मावलं की यापुढे पिंजरे फरशी पुसायच्या गुलाबी पाण्याने धुवायचे, गुलाबाच्या वासाच्या. बाईंनी एकदा विचारलं, चालेल का साहेब? साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाई गेल्या आणि गुलाबी पाण्याचा डबा घेऊन आल्या. मोरी घमघमू लागली. साहेब खिडकी उघडून प्रसन्न मुद्रेने बसू लागले.

त्यानंतर गोदामातून येणाऱ्या रक्ताचे निकाल बदलले. विषाणू सापडेनासा झाला. अँटीबॉडी मात्र बऱ्याच उंदरांत भरपूर. नाकमुरड्यांनी तो तक्ता हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. पंचवीस वर्षं ते सांगत आले होते की उंदीर या विषाणूला हाकलत नाही, त्याच्याशी तह करतो. आणि इथे तर उंदरांनी त्याला हाकलून दिलेला दिसत होता. लढाईच्या खुणा रक्तात शिल्लक, शत्रू गायब. जगात कुणी हे पाहिलं नव्हतं.

शहाण्या माणसाने इथे उठून गोदामात जायला हवं होतं. नाकमुरडे फिरत्या खुर्चीत बसून राहिले आणि विचार करू लागले, आणि हुशार माणूस बसल्या जागी विचार करू लागला की काय वाट्टेल ते सिद्ध होतं. कानात बिल्ले असलेले जुने उंदीर पिंजऱ्यात सापडत नाहीत? मेले असणार. तह करणारी जुनी पिढी संपली. नव्या उंदरांची वजनं फार कमी भरतात? भरणारच. विषाणूशी लढायला अंगातलं बळ खर्ची पडतं, उंदीर रोडावतो. लढवय्यांची नवी पिढी आली आहे आणि ती आपल्या वजनाने विजयाची किंमत मोजते आहे. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी त्यावर एक निबंध लिहिला. परदेशातल्या एका मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं, आणि नाकमुरड्यांनी नाक इतकं वर नेलं की पुढची पायरी चुकायची राहिली.

गोदामाच्या व्यवस्थापकाने खोल्या उघडायच्या का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी फोनवर सांगून टाकलं की खुशाल उघडा. बाकीची तीन कुटुंबं म्हणाली, आधी कुणीतरी जाऊ दे. धाकटा म्हणाला, माझ्या दादाने सांगितलंय, मी जातो. गोदामाच्या माणसांनी त्याची बाहेरची खोली औषधाच्या पाण्याने धुऊन, रंग मारून दिली. आतली खोली जुन्या सामानाने आणि रिकाम्या पोत्यांनी भरलेली होती. ती तू सवडीने कर, म्हणाले. धाकट्याने फोन करून दादाला आनंदाने कळवलं की आम्ही आलोसुद्धा, रविवारी आतली खोली झाडायला घेतो. नाकमुरडे तेव्हा परिषदेसाठी कोट शिवायला टाकत होते. बरं, म्हणाले, आणि शिंप्याकडे वळले.

त्याच रविवारी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार यायचा होता. त्याला साहेबांचा फोटो हवा होता, गोदामात, हातात उंदीर घेऊन. नाकमुरड्यांना कल्पना पसंत पडली. सकाळी ते गोदामात पोहोचले. पिंजरे लावणाऱ्या बाई तोंडाला मास्क बांधून, हातमोजे घालून थप्प्या आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद वाटेत उभ्या होत्या. सुट्टी असल्यामुळे गोदाम शांत होतं. बाईंनी एक पिंजरा उघडून उंदीर कापडी पिशवीत घेतला आणि पिशवी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी हातमोजा चढवला आणि उंदराला मानेच्या कातडीला धरून बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी धरला, पण बोटं विसरली नव्हती.

बोटं विसरली नव्हती म्हणूनच त्यांना आधी कळलं. मुठीतलं वजन रोडावलेल्या उंदराचं नव्हतं. रोड उंदराचा कणा बोटाला लागतो. हा गुबगुबीत होता, नुसता लहान होता. त्यांनी त्याला उजेडात नेलं. अंगावर पिलाची राखाडी लव, अजून तपकिरी झालेली नाही. कानांच्या कडा अख्ख्या. भांडणारा नर वर्षभर जगला की त्याचे कान फाटतात. हे कान आईच्या पोटातून आले तसे होते. त्यांनी दुसरा पिंजरा उघडायला लावला. पिलू. तिसरा. पिलूच. छायाचित्रकार म्हणत होता, साहेब जरा इकडे बघा, हसा, पण साहेबांना ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीच्या कडेने एक उंदीर आला. मोठा, तपकिरी, एक कान अर्धा गेलेला, आणि उरलेल्या अर्ध्या कानात बिल्ला चमकत होता. ज्यांना नाकमुरड्यांनी निबंधात मारून टाकलं होतं त्यांच्यातला एक, टुणटुणीत. तो रिकाम्या पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबला. आत दाणे होते. त्याने मिशा हलवल्या, वास घेतला, आणि नाक मुरडून चालता झाला. नाकमुरडे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी स्वतः पिंजऱ्याला नाक लावलं. गुलाब.

मग सगळं त्यांना एका दमात कळलं. चुकीचं समजायला त्यांना कितीतरी महिने लागले होते, बरोबर समजायला तेवढा वेळ लागला नाही. जाणते उंदीर परक्या वासाच्या पिंजऱ्याला शिवलेच नव्हते. शिरली ती अजाण पिलं. आणि पिलांच्या रक्तातल्या अँटीबॉडी त्यांनी कुठली लढाई लढून मिळवल्या नव्हत्या. त्या आईच्या होत्या. बाधा झालेली उंदरी पोरांना दुधातून, पोटातून थोडं संरक्षण देते, ते काही आठवडे टिकतं आणि विरून जातं. तेवढे दिवस पिलाच्या अंगात अँटीबॉडी दिसते, विषाणू दिसत नाही. हे तर ते स्वतः विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवत. म्हणजे पिंजऱ्यांबाहेर, थप्प्यांखाली, चाळीच्या भिंतींत, जुने उंदीर होते तसेच होते. अंगात स्वतःच्या अँटीबॉडी, आणि विषाणूशी केलेला तह जशाचा तसा. लेंड्यांमध्ये विषाणू तेवढाच. आणि आज रविवार होता.

त्यांनी व्यवस्थापकाला फोन लावला. व्यवस्थापक जेवायला बसत होता. म्हणाला, साहेब, तुम्हीच सांगितलंत, आता तुम्हीच नको म्हणता, असं तोंडी कसं चालेल, सोमवारी कार्यालयात या. नाकमुरड्यांनी मनातल्या मनात त्याला गाढव म्हटलं आणि फोन बंद केला. पण गाढव म्हणून नेहमी वाटायचं तसं बरं वाटलं नाही. ते मागच्या दाराने चाळीकडे जवळजवळ धावतच गेले. वाटेत त्यांना भीती वाटली, खरी, जशी लहानपणी धाकटा विहिरीच्या काठावर चढला तेव्हा वाटली होती.

अंगणात भावजय बादलीत फडकं पिळत होती. भाऊजी, या ना, म्हणाली, आणि पदराने खुर्ची पुसायला गेली. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. धाकटा उंबऱ्यात उभा होता, हातात लांब दांड्याचा झाडू. आत पोत्यांचा ढीग, आणि ढिगाच्या कडेने काळ्या लेंड्यांचा थर, जमिनीवर सांडलेल्या तिळांसारखा.

"झाडू खाली ठेव," नाकमुरडे म्हणाले.

धाकट्याने ठेवला नाही, पण थांबला. दादा घरी आला या आनंदातच तो होता. नाकमुरड्यांनी त्याला सांगितलं की खोल्या सोडायच्या, आत्ता, आतल्या खोलीला हातही लावायचा नाही, विषाणू गेलेला नाही, माझी चूक झाली. धाकट्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि हसला. त्याचा विश्वास बसला नव्हता. विषाणूवर नाही, चुकीवर.

"तू कसा चुकशील, दादा?" तो म्हणाला. "तुला कुणी काही बोललं का? साहेब लोकांनी दाब आणला का?"

नाकमुरड्यांनी पुन्हा सुरुवात केली. पिलं, आईच्या अँटीबॉडी, परका वास, फाटका कान. ते जितकं नीट समजावून सांगत गेले तितका धाकट्याचा चेहरा कौतुकाने फुलत गेला. दादा किती बारीक बारीक गोष्टी जाणतो. शेवटी तो म्हणाला की दादा, तुझ्या समाधानासाठी मी नाकाला फडकं बांधून झाडतो, मग तर झालं? आणि त्याने झाडू उचलून आत पाऊल टाकलं.

नाकमुरड्यांच्या तोंडात जुनं वाक्य आलं. तुला काय कळतं, म्हणून खेकसले असते तर धाकटा मुकाट्याने थांबला असता आणि दादाची पाठ वळताच परत आत शिरला असता, कारण न चुकणाऱ्या दादाचं पहिलं सांगणं त्याच्या लेखी पक्कं होतं. ते वाक्य त्यांनी गिळलं. आयुष्यभर त्यांनी या माणसाच्या डोक्यातून त्याची अक्कल उपटून काढली होती आणि तिच्या जागी स्वतःची लावली होती, आणि आता त्यांची अक्कल तिथून हलायला तयार नव्हती. त्यांनी धाकट्याचा दंड धरला.

"ऐक. मी उंदीर बघितलेच नव्हते."

"कधी?"

"बढती मिळाल्यापासून एकदाही नाही. वर खोलीत बसून नुसते आकडे बघितले. पिंजरे वासाच्या पाण्याने मीच धुवायला लावले, मला घाण सहन होत नव्हती म्हणून. आकडे चुकीचे आले, पण मला हवे तसे आले. मला परिषदेला जायचं होतं. म्हणून मी खाली येऊन बघितलं नाही."

अंगणातला नळ ठिबकत होता. भावजयीने फडकं पिळणं थांबवलं होतं. धाकटा दादाकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर हळूहळू काहीतरी गोळा होत होतं.

"म्हणजे न बघता सांगितलंस."

"हो."

"मी हिला घेऊन इथे येणार, हे तुला माहीत होतं."

"हो."

"मी फोन केला होता."

"हो," नाकमुरडे म्हणाले. "केला होतास."

मग धाकट्याने त्यांच्याकडे जसं पाहिलं तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. नव्या कोटाचं माप दिलेले खांदे, मोठं नाक, हातातला अजून न काढलेला हातमोजा, सगळं त्याने वरून खालपर्यंत पाहिलं आणि काही किमतीचं सापडलं नाही असं तोंड केलं. नाकमुरड्यांना ती नजर लगेच ओळखू आली. ती त्यांनी जिन्यातल्या प्रत्येक दाराला वाटली होती. घ्यायची वेळ कधी आली नव्हती. ती जिव्हारी लागली. आणि त्याच वेळी त्यांच्या छातीवरचा दगड उतरला, कारण अशा नजरेने ज्याच्याकडे बघतात त्याचं पहिलं सांगणं कुणी धरून बसत नाही.

धाकट्याने झाडू अलगद भिंतीला टेकवला, धूळ न उडू देता. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. बायकोला म्हणाला, पेटीला हात लावू नकोस, अंगावरच्या कपड्यांनी निघायचं, नळावर हात धू आधी. ती उठून नळाकडे गेली. मग तो दादाकडे वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने नीट प्रश्न विचारले. इतके दिवस बाहेरच्या खोलीत झोपलो, त्याचं काय? ताप आला तर किती दिवसांनी येतो? कुठल्या रुग्णालयात जायचं, आणि तिथे काय सांगायचं? नाकमुरड्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. येणारे काही आठवडे लक्ष ठेवा, अंग दुखलं तरी थांबू नका. बाहेरची खोली औषधाने धुतलेली होती, तिथे फारसा धोका नव्हता, असंही सांगितलं.

"हे बघून सांगतोयस?" धाकट्याने विचारलं.

ती खोली कुणी धुतली, कशाने धुतली, कोपऱ्यापर्यंत हात पोहोचला की नाही, यातलं नाकमुरड्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. ते बाहेरच्या खोलीच्या दाराकडे निघाले. बघतो, म्हणाले.

धाकटा वाटेत उभा राहिला. चिडलेला नव्हता. थप्पी चुकीची लावणाऱ्या हमालाला बाजूला करावं, तसं त्याने दादाला खांद्याला धरून बाजूला केलं.

"तू बाहेर थांब," तो म्हणाला. "इथलं मी बघतो."

नाकमुरडे अंगणात जाऊन उभे राहिले.